गो, वेंट, गॉन

काकू ‘गो’ म्हणाल्या आणि सर लगेच म्हणाले, ‘‘वेंट, गॉन.’’

अर्धांगाचा झटका आल्यापासून नवऱ्याच्या तोंडून काकूंनी एक धड शब्द ऐकला नव्हता. पाणी हवं असलं तरी ‘तेतेते’, खिडकी लावायची असली तरी ‘तेतेते’, आणि समोरच्याला कळलं नाही की उशी फेकून मोकळे. थेरपीवालीने आकडे म्हणून पाहिले, वार म्हणून पाहिले, लहान मुलांची चित्रं दाखवली. सर आपले भिंतीकडे बघत बसले. शेवटी ती म्हणाली, यांच्या अगदी हाडीमाशी खिळलेलं काही असेल तर तेच काढा. काकूंना विचार करावा लागला नाही. उभा जन्म बाहेरच्या खोलीत सरांच्या इंग्रजीच्या शिकवण्या चालल्या आणि आत काकूंचा स्वयंपाक. पहिलं रूप सरांनी म्हणायचं, दुसरं-तिसरं वर्गाने. ऐकून ऐकून काकूंनाही सगळी क्रियापदं पाठ होती. अर्थ विचारला असता तर निम्म्यांचा सांगता आला नसता, पण तो त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता.

‘ईट’ला ‘एट, ईटन’ आलं. ‘राइट’ला ‘रोट, रिटन’ आलं. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, पण डाव्या हाताची बोटं टेबलावर ताल धरू लागली. काकूंनी थेरपीवालीकडे असं पाहिलं, की जणू हे पोर त्यांनीच शिकवून पहिलं आणलं होतं.

तिने कौतुक केलं, पण खोटी आशा लावली नाही. हे पाठांतर आहे काकू, ती म्हणाली, उतारावरची गाडी आपली आपण घरंगळते, तसं. बोलणं वेगळं. मनात काही आलं आणि त्यासाठी त्यांना स्वतःहून एक शब्द सापडला, की समजा इंजिन सुरू झालं. मग तो शब्द कुठलाही असो.

ती गेल्यावर काकू भाजी निवडायला घेऊन सरांसमोर बसल्या. वर्ग पुन्हा सुरू झाला. मधूनच त्या सहज विचारल्यासारखं विचारत, चहा ठेवू का, पाठ दुखते का. की ‘तेतेते’. पुन्हा ‘गो’ म्हटलं की ‘वेंट, गॉन’. माणूस समोर बसलाय, फाडफाड इंग्रजी बोलतोय, आणि आपल्याशी बोलायला त्याच्याकडे एक शब्द नाही. काकूंना रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून त्यांनी भाजीत मान घातली आणि सरांची वाट न बघता तिन्ही रूपं स्वतःच म्हणत सुटल्या. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. सिंग, सँग, संग. ब्रिंग, ब्रँग, ब्रंग.

टेबलावर थाप बसली.

सरांच्या कपाळाला आठी पडली होती. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, ओठ वेडेवाकडे होत होते. काकूंनी आधी उशी लांब सरकवली.

‘‘चू... चूक.’’

या शब्दाने त्या घराचे कान किटले होते. आमटीतलं मीठ चूक, पाकिटावरचा पत्ता चूक, दाराची कडी लावली तर ती लावायची पद्धत चूक. लग्न झाल्यापासून काकूंचं एक काम त्या शब्दावाचून पार पडलं नव्हतं, आणि एकदा तर त्यापायी त्या पिशवी भरून माहेरी जाऊन राहिल्या होत्या.

आता त्या जागच्या हलल्या नाहीत. भाजीची जुडी हातातच राहिली.

‘‘अहो, काय म्हणालात? परत म्हणा.’’

‘‘चूक,’’ सर म्हणाले. या वेळी स्वच्छ, आणि चांगलंच चिडून.

काकूंनी लेकीला फोन लावला. आईचा आवाज ऐकताच, काय झालं, रडतेस का, बाबा बरे आहेत ना, तिने एका दमात विचारलं.

‘‘बरे आहेत गं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आज बाबांनी माझी चूक काढली.’’