दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

"दुसऱ्या बाजूचं तिसरं. त्याच्या तोडीचं गाणं झालं नाही आणि होणार नाही," असं म्हणून चांगदेवनं पोह्यांवर शेव भुरभुरली आणि विषय संपवला. विषय अर्थातच संपला नाही. इंदौरच्या रामबागेत श्रीपादच्या खोलीवर दर रविवारी हाच वाद निघायचा आणि दर रविवारी तसाच लोंबकळत राहायचा.

गाणी लंडनच्या जुन्या रॉक बँडांची. चांगदेवचे वडील महूच्या छावणीत होते. तिथल्या एका साहेबाच्या रेकॉर्डांवरून या तिघा दोस्तांनी तरुणपणी कॅसेटी भरून घेतल्या होत्या. कव्हर नाही, गाण्यांची नावं नाहीत, म्हणून बाजू आणि नंबर हीच ओळख. श्रीपादला पहिल्या बाजूचं शेवटचं, संथ गिटारवालं, प्राणाहून प्यारं. चांगदेव त्याला अंगाई म्हणून चिडवायचा. त्याचं लाडकं ते दुसऱ्या बाजूचं तिसरं, ज्यात ड्रमवाला मध्येच एकटा सुटतो आणि बाकीचे मुकाट थांबतात. विजय, तिसरा, फक्त काड्या घालायचा.

चांगदेव कापड मिलमध्ये लूमवर होता. मिलला टाळं लागलं आणि त्याच्या घरचं सगळंच बिघडलं. विजयनं मात्र वारा ओळखला. बाहेरच्या कंपन्यांच्या कॅसेटी आता सरळ इंदौरात येऊ लागल्या होत्या, तर यानं राजवाड्याजवळ दुकान टाकायचं ठरवलं. इंग्रजी गाण्यांच्या काउंटरला जाणता माणूस हवा होता. चांगदेवनं आपण होऊन त्याच्यापाशी शब्द टाकला. हा कुणाकडे काही मागणाऱ्यातला नव्हे, तेव्हा घरी काय चाललं असेल ते समजून घ्यावं.

विजय गुळमुळीत. त्यानं जबाबदारी श्रीपादवर ढकलली. "भिया, कान तुझे पक्के. तू हो म्हण, ठेवतो त्याला."

श्रीपाद हो म्हणायला तयारच होता. फक्त एक गोष्ट त्याला खुपायची. नवी कॅसेट लावली की चांगदेव त्याच्यासमोर, ठरल्या जागी, पुतळ्यासारखा बसायचा आणि शेवटी बरं-वाईट काही म्हणाला तरी पुढे जोडायचा, पण जुन्यांची सर नाही. ऐकावं तेव्हा हेच! असला माणूस दुकानात नवा माल विकणार कसा? जरा खोड मोडावी, मग हो म्हणावं, असं श्रीपादच्या मनात आलं. विजय अशा कामात मागे राहणारा नव्हताच.

पुढच्या रविवारी श्रीपादनं एका अमेरिकन बँडची चकचकीत डबी चांगदेवच्या हातात दिली. नवा माल आहे, नीट ऐक आणि मनापासून सांग, असं बजावलं. टेपमध्ये मात्र आधीच त्यांची जुनी कॅसेट होती, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर आणून ठेवलेली.

गाणं सुरू झालं. विजय हसू लपवायला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. श्रीपादला ती सोय नव्हती. त्यानं ओठ आवळले, कपाळाला आठ्या घातल्या आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून गाणं संपेपर्यंत तसाच बसून राहिला.

"कचरा आहे," चांगदेव म्हणाला. "ड्रमवाला तर नुसते डबे बडवतो. हे मी नाही विकणार."

विजय पोट धरून खाली बसला. श्रीपादला खरं तर हसायचं होतं, पण डोकं सणकलं. ज्या गाण्यापायी यानं आपल्याशी जन्मभर भांडण केलं, ते त्याला ओळखूही येऊ नये? त्यानं टेपमधून कॅसेट काढली आणि चांगदेवच्या नाकासमोर धरली.

"ही बघ कुठली आहे. तुला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, चांगदेव. इतकी वर्षं नुसता आव आणलास."

कॅसेटवर चांगदेवचंच अक्षर होतं. त्याचा चेहरा पडला. त्यानं आपली बशी उचलून मोरीत ठेवली, चपला घातल्या आणि गेला. श्रीपाद तेवढ्यावर थांबला असता तरी बरं झालं असतं. रागाच्या भरात तो विजयला म्हणाला, याला ठेवू नकोस, गिऱ्हाइकांपुढे तोंडघशी पडशील. विजयनं दुसरा माणूस ठेवला.

राग उतरला, आणि मग श्रीपादला स्वतःची लाज वाटू लागली. चांगदेव यायचा बंद झाला. रविवार आळणी झाले. तो सांवेर रोडवरच्या एका गोदामात पोती उचलतो, असं कुणाकडून तरी कानावर आलं तेव्हा श्रीपादला राहवेना. एका गाण्यापायी आपण माणसाच्या पोटावर पाय दिला. दुसरं काही नाही तर माफी तरी मागावी, म्हणून तो परदेशीपुऱ्यात त्याच्या घरी गेला.

चांगदेव अंगणात पाठमोरा बसून सायकलची चेन चढवत होता. श्रीपादनं फाटकातून हाक मारली. पुन्हा मारली. चांगदेवनं मान वळवली नाही. रागावलाय, आणि रागावणारच, असं म्हणून श्रीपाद जड पावलांनी मागे फिरला. तेवढ्यात चांगदेवची बायको मीराबाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि तिनं वाट अडवली.

"परत कुठे निघालात, श्रीपादजी? हाक मारून काय होणार. समोर जा, म्हणजे दिसाल."

श्रीपादला कळेना. तिनं कळशी खाली ठेवली.

"मिल चालू होती तेव्हाच लूमच्या खडखडाटानं कान गेले त्यांचे. लूम खात्यात कितीकांचे गेले. तिथे सगळे ओठांवरूनच बोलणं समजायचे, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. कुणाला सांगू नको म्हणाले. बहिऱ्याला काम कोण देणार?"

"पण वहिनी, रविवारी तो नवी गाणी ऐकायचा. बरं-वाईट सांगायचा."

"मी पण हेच विचारलं होतं त्यांना," मीराबाई म्हणाली. "तर हसले. म्हणाले, मी श्रीपादच्या तोंडाकडे बघतो. तो खुलला की गाणं चांगलं, त्याला आठ्या पडल्या की वाईट. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडानं मला एकदाही फसवलं नाही."