मालक: उत्पला

चहा गाळताना उत्पलाला गालावरची सूज जाणवली. कालचं मात्र काहीच आठवेना.

"श्रीरंगचा हात उठला गं. तुझ्या आठवणीतून मीच पुसलं ते," सासूबाई म्हणाल्या. "घरात शांतता नको का?"

वधूच्या आठवणी पाहायची नि बदलायची परवानगी लग्नातच सासरच्या गटाला द्यायची रीत होती. पण आठवणींचा मालक म्हणून नाव अजून उत्पलाचंच होतं. तिने कानामागच्या चिपवर बोट दाबून सेटिंग उघडलं.

सासरचा गट – बदलणे: बंद.
इतर सर्व – पाहणे: चालू.

"अगं, घरातलं जगाला दाखवणार?"

"हो आई. आता सांगा लेकाला, उचल म्हणावं हात. पुसायला कुणी नसेल, बघायला अख्खी सोसायटी असेल."