गाडीतला माग

"समाधान, आपला गेम आला!" पैठणी विणणाऱ्या कलामावशींचा येवल्याहून फोन होता. दोन वर्षांपूर्वी समाधाननं त्यांच्या हातमागाचा आवाज रेकॉर्ड केला होता, पैठणीचा पूल विणून नदी ओलांडणाऱ्या पोरीच्या गेमसाठी. मग मोठ्या कंपनीनं समाधानच्या टीमचा नाशिकचा छोटा स्टुडिओ विकत घेतला, पेढे वाटले, पोरीचा गेम बंद केला आणि सगळ्यांना आपल्या जुन्याच कार रेसिंग गेमच्या नवव्या भागाला जुंपलं. मावशी सांगत होत्या, "लेकीच्या मोबाईलवर हाय. गाडीचा गिअर बदलला की माझा माग वाजतो!" समाधाननं डोळे मिटले. गिअरचा आवाज मिळेपर्यंत त्यानंच तिथं मागाचा ठोका तात्पुरता बसवला होता. कंटाळ्यापायी तो काढायचा राहूनच गेला. "तुमचाच माग आहे, मावशी." "सकाळपासून माग सोडून गाडी पळवतीये मी. लय रस्ते झाले. आपली पूल विणणारी पोरगी कुठं भेटंल रे?"