पाच फेऱ्या

"स्कॉलरशिपच्या वर्षाला कसली आलीय पीटी?" असं म्हणत सुमंत गुरुजींनी तासगावच्या शाळेत चौथीचा पीटीचा तास बंद केला आणि त्या जागी गणिताचा जादा तास सुरू केला. पोरं फळ्याकडं बघत पेंगायला लागली. मग गुरुजींनी शिक्षा काढली. गणित चुकलं की मैदानाला पाच फेऱ्या! मयूरीचं गणित रोज चुकायचं. ती पळायची, घामाघूम होऊन हसत परत यायची आणि तेच गणित चुटकीसरशी सोडवायची. "पोरांना धाक पाहिजे. धाकानं डोकं चालतं," गुरुजी इतर शिक्षकांना छाती फुगवून सांगायचे.

सराव परीक्षेला हेडमास्तर स्वतः वर्गात येऊन बसले. अर्ध्या तासानं मयूरी उठून उभी राहिली.

"गुरुजी, सातवं गणित काय सुटंना. मला शिक्षा द्या की."

"मलाबी द्या, गुरुजी," मागनं पप्पू म्हणाला. बघता बघता अख्खा वर्ग उभा राहिला.

गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला आणि हेडमास्तरांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बघितलंत, साहेब? याला म्हणतात धाक!"