मधली पिन

सातपूरच्या कंपनीत तीस वर्षं इंजिनिअर राहिलेल्या देवरेंनी रेडिओ स्कॅनरच्या अँटेनासाठी कनेक्टर स्वतःच निवडला. दुकानदार शौकतभाईंनी दुसरा पुढे केला, तर "मला नका शिकवू" म्हणाले. घरी नुसती खरखर आली, तेव्हा दुसऱ्या दिवशी भर दुकानात जाऊन शौकतभाईंना नाही नाही ते बोलून आले.

संध्याकाळी शौकतभाई तीन जिने चढून गच्चीवर आले. कनेक्टर सोडवून त्यांनी देवरेंसमोर धरला. आटे नीट बसत होते, पण मधली पिनच नव्हती. कालचा नाकारलेला कनेक्टर त्यांनी खिशातून काढून लावला आणि स्कॅनर बोलू लागला.

"मग चूक कोणाची होती?" चहा घेऊन आलेल्या देवरेबाईंनी विचारलं. देवरेंची मान खाली गेली.

"माझीच, भाभी. साहेबांनी बरोबर मागितला होता, मीच चुकीचा दिला."