पास झालेलं चाक

नानासाहेबांनी ग्राइंडर चालू केला, तसा रामप्रसादनं मध्ये हात घातला.

"नाना, थांबा. हे चाक कापू नका. मला द्या."

चाक नुकतंच मशीनवरून उतरलं होतं. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात सायकलीच्या रिमा बनत. प्रत्येक लॉटमधलं एक चाक ढोलावर चढवायचं. ढोलाला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या, चाकावर वजन. ढोल फिरला की चाक रात्रंदिवस त्या पट्ट्यांवर आदळत राहायचं. स्पोकच्या एखाद्या भोकाशी वेळेआधी चीर गेली, तर लॉट नापास. या चाकाला केसाएवढीही चीर नव्हती.

"काय करतो याचं?"

"मायच्या सायकलीला बसवतो. तिची रिम तडकलीय. टँकरचं पाणी तीच आणती ना. याच्याहून पक्कं चाक अख्ख्या कारखान्यात नाय, नाना. किती झेललंय यानं!"

"झेललंय म्हणूनच कापायचं, येड्या," नानासाहेब म्हणाले. "लोखंडबी थकतं. खाल्लेला मार आतच राहतो, वरून काय दिसत नाय. मग एक दिवस साध्या खड्ड्यात मोडून पडतं. मायच्या हातात देतो का असलं? स्टोअरमधून नवं घे."

त्यांनी चाक कापलं. ठिणग्या उडाल्या आणि विझल्या.

नवं चाक आपल्या गाडीच्या कॅरिअरला बांधून रामप्रसाद घरी निघाला. त्याच्या मायनं, बानाबाईनं, जिथं मेंढरं चारली होती, त्या माळावर आता प्लॉट पडले होते. इमारती उभ्या राहत होत्या. नळ मात्र अजून आला नव्हता आणि यंदा विहिरींनीही तळ दाखवला होता. वस्तीच्या तोंडाशी टँकर उभा होता. रांगेतल्या सारजाबाईनं त्याला पाहिलं.

"आला का रं? तुझ्या मायला सांग काहीतरी. रिम तडकली तरी सायकल सोडत नाय. पर बाई लई टणक! बहात्तरचा दुष्काळ पचवलाय तिनं, हा काय तिला खातो?"

हेच तोही सांगत आला होता, कारखान्यात, पाहुण्यारावळ्यांत, अभिमानानं. घरात सगळेच सांगत. म्हणून तर पाणी तिच्याकडं राहिलं होतं. सून पुढं झाली तर बानाबाई खेकसायची, "माझ्या सायकलीला हात लावू नको." सगळे हसायचे. म्हातारीचा हेका, म्हणायचे.

टँकरच्या मागून ती येत होती. हँडलच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. तडकलेलं चाक चिमट्याला खरखर घासत होतं. रामप्रसादनं गाडी वाटेतच लावली. मशीनवरून उतरलेलं चाक पाहावं तसं त्यानं मायला न्याहाळलं. खोकला नाही, कण्हणं नाही, कधी तक्रार नाही. मान ताठ. कुठं काही दिसेना. त्या चाकावरही काही दिसत नव्हतं, हे आठवून त्यानं पुढं होऊन हँडल धरलं.

"माय, दे इकडं."

"सोड. म्हातारी झाले व्हय मी?"

"दे म्हणतो ना. आजपासून पाणी मी आणीन."

"तुला ड्युटी नाय का? सोड, रामा!"

तिनं हँडल घट्ट धरलं. त्यानं एक एक बोट सोडवलं आणि सायकल आपल्याकडं ओढून घेतली.

बानाबाई जागच्या जागी राहिली. तिचा एक हात हवेत काहीतरी शोधत होता. मग ती खाली बसू लागली. रामप्रसादनं सायकल टाकून तिला दंडाला धरलं. कॅन उलटले. पाणी मातीत गेलं. तिकडं दोघांनीही पाहिलं नाही.

सारजाबाईचं लक्ष नाही ना, हे तिनं मान वळवून पाहिलं. मग हळूच म्हणाली,

"पाणी कसलं आणते मी, बाबा. ही सायकलच मला धरून घरी आणती."