अनवाणी

वऱ्हाडातल्या हिवरखेडहून कापसाच्या गाड्या घेऊन मुंबईला आलेला सूर्यभान हौसेनं गलबतात बसला आणि दूरच्या एका बेटावर उतरला. तिथल्या दीपस्तंभाचा म्हातारा राखणदार देवीदास त्याची बोली आणि गावाचं नाव ऐकताच उठून उभा राहिला. "मी बी हिवरखेडचा! चाल, बेट दाखवतो तुले. पन वाहाना इथंच काढ."

दिवसभर दोघं पायी हिंडले. जुना पडका दीपस्तंभ पाहिला, त्याच्या माथ्यावरचं समुद्रगरुडाचं घरटं पाहिलं, गुडघाभर पाण्यातून खेकड्यांमागं गेले. शिंपल्यांनी सूर्यभानचे तळपाय फाटले. देवीदास मात्र जोडे घालून चालत होता आणि हिवरखेडच्या एकेका वावराची, विहिरीची खबर विचारत होता.

संध्याकाळी सूर्यभान वाहाणा घ्यायला आला, तर देवीदास त्या मांडीवर घेऊन सुरीनं त्यांचे तळ खरवडत होता.

"काय करून राहिले, काकाजी?" सूर्यभान चिडलाच. "पाय पाहा माये! मले अनवाणी काहून फिरवलं?"

फडक्यावर पडलेला काळा चुरा देवीदासनं हलकेच बांधला.

"आपल्या वावरातली माती हाय, बापा, तुया वाहानेले. पान्यात चालला असता, तं सारी वाहून गेली असती."